सत्तरवरचा काटा

“चौकशी तुम्ही केलीच नाहीत, साहेब. बोनेट उघडलं नाहीत, इंजिनाला बोट लावलं नाहीत. जो गाडीत बसला होता तोच चौकशीला बसला, आणि खुर्चीतून न उठता एका माणसाची अकरा वर्षं खाऊन मोकळा झाला.”

अर्जाची एवढी सुरुवात खंडूने एका दमात लिहिली. मुलीच्या जुन्या वहीतलं पान, ऑईलच्या बोटांचे डाग, आणि अक्षर असं की वाचणाऱ्याने कपाळाला हात लावावा. पण शब्द न शब्द खरा होता, रागाचा होता, म्हणून हात कुठे अडला नाही. अडला तो पुढच्या ओळीवर. ती ओळ अशी होती: ‘आणि तुमच्या त्या कागदाखाली सही माझी आहे.’

एवढीशी ओळ. ती लिहायला त्याला दोन दिवस लागले.

मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्याच्या अलीकडे, खंडूची पत्र्याची शेड आहे. तीस वर्षं तो बोटींची इंजिनं बघतो. बंदरावर मेकॅनिक पुष्कळ, पण चार दिवस खोल पाण्यात राहायचं असलं की बोट हाकणारा तांडेल आधी विचारणार, “इंजिन खंडूने बघितलंन ना?” बघितलं असेल तर बोट निघणार. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं हाताने शिकलेलं. असा माणूस स्वतःच्या हातांवर जरा जास्तच खूश असतो. खंडूही होता. मासेमारी बंद असते त्या महिन्यांत बोटी किनाऱ्यावर चढल्या की तो गाड्या घ्यायचा, आणि ओळखीतली गाडी असेल तर एरवीसुद्धा.

लवू तर ओळखीच्याही पलीकडचा. पहिलीपासून एका बाकावरचा. एका सरकारी खात्यात तो कंत्राटी ड्रायव्हर. खात्याचं नाव घेऊन तोंड कशाला विटाळायचं. अकरा वर्षं साहेबांची जीप चालवली, आणि कायम करतो, कायम करतो म्हणत साहेब बदलत गेले. जीप मात्र तीच राहिली. गेल्या जूनमध्ये तिच्या डॅशबोर्डावरचा टेंपरेचरचा काटा मेला. लवूने रीतसर अर्ज दिला. मग दुसरा दिला. तिसरा दिला तेव्हा साहेब म्हणाले, “गाडी चालते ना? मग?”

सप्टेंबरातल्या एका रविवारी लवू जीप घेऊन शेडवर आला. हातात खोका. आत दोन गोल मीटर, काळ्या तबकडीचे, पांढऱ्या आकड्यांचे. एक इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा, दुसरा ऑईलचं प्रेशर. ऑनलाइन मागवलेले, स्वतःच्या पगारातून.

“काय रे हे? विमान चालवणार काय?” खंडू म्हणाला.

“विमान परवडलं. पायलटला समोर दिसतं तरी. माझी जीप आंधळी झालीय मेल्या. बोनेटमधून वाफ आली की मला कळणार गरम झाली, आणि तेव्हा साहेब शेजारी घोरत असणार.”

“साहेबांची गाडी, साहेबांनी बघावी. तुला कशाला पुळका?”

“साहेबांचा पुळका नाय. त्या घाटात मी पण असतो गाडीत.”

खंडू हसला आणि कामाला लागला. बोटींवर असे मीटर बसवणं त्याच्या हातचा मळ. इंजिनावरचा, ऑईलच्या लाल बत्तीचा जुना स्विच काढून तिथे टी-सांधा बसवला. टीच्या एका तोंडाला जुना स्विच, म्हणजे डॅशबोर्डावरची लाल बत्ती शाबूत राहील, आणि दुसऱ्या तोंडाला नव्या मीटरचा सेन्सर. पाण्याच्या सेन्सरचे आटे जीपच्या भोकाला लहान पडत होते, म्हणून मधे एक पितळी बुश, म्हणजे आतबाहेर आटे असलेलं कडं, घातला. आणि प्रत्येक आट्यावर, बोटीवर करायचा तसा, सुताचा दोरा गुंडाळून वर सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या घट्ट लेपाचा, हात दिला. जाडजूड, दाबून, कडेला बोटाने पुसून. बोटीवर हे केलं नाही तर खारं पाणी आट्यात शिरतं आणि सहा महिन्यांत पितळ कुजतं. तीस वर्षांत खंडूच्या हातचा सांधा कधी गळला नव्हता.

“थेंब गळणार नाय,” तो म्हणाला. “खूणगाठ बांधून ठेव.”

अॅल्युमिनियमचा पत्रा कापून त्याने डॅशबोर्डाखाली दोन भोकांची पट्टी केली, वायरी रबराच्या बुचातून आत घेतल्या, मीटर बसवले. पट्टीच्या कडा कानशीने अशा घासल्या की हात फिरवावा. लवूने चावी फिरवली. इंजिन लागलं. दोघं पंधरा मिनिटं काट्यांकडे बघत बसले, लहान मुलं मत्स्यालयापुढे बसतात तसे.

पाण्याचा काटा हळूहळू चढला आणि सत्तरवर थांबला. ऑईलचा काटा भरगच्च, चारच्या वर.

पंच्याऐंशी यायला हवं होतं. या जातीचं इंजिन तापलं की पंच्याऐंशीला असतं, हे खंडूला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि साध्या चालीवर ऑईलचं प्रेशर चार? जुन्या जीपला? त्याच्या मनात हे आलं. आलं आणि गेलं. नवीन मीटर आहेत, थोडं पुढंमागं असायचंच. आणि लवू इतका खूश दिसत होता.

“बघ,” खंडू म्हणाला, “कसं थंड चालतंय इंजिन. साहेबांच्या डोक्यापेक्षा थंड.”

“एक विचारू? चावी फिरवली की आधी ती ऑईलची लाल बत्ती पेटायची. आता नीट पेटत नाय.”

“उजेड पडलाय, दिसत नसेल. आणि मीटर असताना बत्ती कशाला रे? काट्यावर लक्ष ठेव. काटा सांगेल ते खरं. बाकी कोण काय सांगेल ते ऐकायचं नाय.”

हे शेवटचं वाक्य लवूने नीट लक्षात ठेवलं.

नोव्हेंबरात साहेबांची कोल्हापूरला मिटिंग होती. जीपमध्ये तिघं: लवू, शेजारी साहेब, मागे कार्यालयातल्या लिपिक मालिनी मॅडम फायली मांडीवर घेऊन. आंबा घाट चढायला लागल्यावर मालिनी मॅडम म्हणाल्या, “लवू, कसला वास येतोय? गोडसर. गूळ करपल्यासारखा.”

वास लवूलाही आला होता. त्याने खाली बघितलं. पाणी सत्तर. ऑईल चार. म्हणाला, “मॅडम, मीटर बघा ना. एकदम थंड. खंडूने बसवलेत.”

साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, “चल रे. दीडची मिटिंग आहे.”

रेडिएटरचा खालचा होजपाइप फाटला होता, कूलंट मिसळलेलं गरम पाणी रस्त्यावर सांडत येत होतं. दोन वळणं पुढे गेल्यावर इंजिन एकदाच किंचाळलं आणि जाम झालं. चढावर गाडी थांबली, मग मागे यायला लागली. इंजिन मेलं की जुन्या जीपचा ब्रेक लाकडासारखा होतो. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर. लवूने स्टिअरिंग सगळ्या ताकदीने फिरवून गाडीचं ढुंगण डोंगराकडच्या गटारात घातलं. चाक दगडावर आपटलं, स्टिअरिंगने उलटा हिसका दिला, आणि लवूचं उजवं मनगट मोडलं. साहेबांना खरचटलंसुद्धा नाही. मागून येणाऱ्या गाडीला हात करून ते कोल्हापूरला गेले. मिटिंग दीडची होती.

खंडूला हे सगळं सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, खाटेच्या कडेला बसून, लवूनेच सांगितलं. सांगताना तो चिडलेला नव्हता. गोंधळलेला होता. “काटा सत्तरवर होता, खंडू. बंद पडेपर्यंत सत्तर.”

“पाणी गेलं असणार ना सगळं,” खंडू म्हणाला. “पाणीच नाय तर सेन्सर कोरडा लटकतो. कोरडा सेन्सर काय दाखवणार? कुठलापण मीटर असता तरी हेच.”

यात तथ्य होतं. काटा पहिल्या दिवसापासूनच सत्तरवर होता, हे खंडूने या तथ्याखाली बुजवून टाकलं.

डिसेंबरात त्याला खात्याचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे साहेब, कडेला टाइप करणारा. साहेबांनी विचारलं, “मीटर तुम्ही बसवले?”

“होय.”

“बरोबर होते?”

आता काय सांगायचं माणसाने? बाहेर बाकावर बंदरावरचे दोघं ओळखीचे कसल्याशा दाखल्यासाठी बसले होते, दार उघडं होतं. चाळीस बोटींवर खंडूने बसवलेले मीटर चालू होते. चाळीस तांडेल रोज त्या काट्यांकडे बघून समुद्रात जात होते.

“एकदम बरोबर,” खंडू म्हणाला. “माझा मीटर चुकत नाय.”

टाइप करणाऱ्याने दोन ओळी बडवल्या आणि कागद पुढे सरकवला. ‘सदर मीटर सुस्थितीत होते. चालकाने त्याकडे लक्ष दिले नसावे.’

“हे दुसरं मी नाय बोललो, साहेब.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “बरं. मीटर बरोबर, तरी गाडी जळाली. मग एक तर मीटर, नाहीतर माणूस. तिसरं काय असतं? तुम्हीच सांगा, कोण?”

तिसरं समोरच बसलं होतं, हे तेव्हा खंडूला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण त्या घटकेला त्याला फक्त एवढंच दिसत होतं की दोघांपैकी एकाचं नाव द्यायचं आहे, आणि एक नाव त्याचं स्वतःचं आहे. त्याने कागदाकडे बघितलं. ‘नसावे’ असं लिहिलंय, ‘नव्हते’ असं नाही, अशी मनाची समजूत घातली. आणि सही केली. सही करताना अक्षर मात्र सुंदर आलं.

चौकशी पुरी होईपर्यंत लवूला कामावरून कमी केलं. प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. रोज संध्याकाळी तो शेडवर येऊन उलट्या डब्यावर बसायचा. खंडूने जबाब दिला हे त्याला माहीत होतं. काय दिला, ते त्याने विचारलं नव्हतं. बालपणीच्या मित्राला कोण असं विचारतं? तो दुसरंच काहीतरी बोलायचा, आणि ते ऐकण्यापेक्षा शिवी बरी.

“मी बघितला होता रे काटा,” एका संध्याकाळी म्हणाला. “नक्की बघितला. पण आता रात्रंदिवस तेच डोक्यात. खरंच बघितला, का बघितल्यासारखं वाटलं? साहेब म्हणतात तू बघितलाच नाहीस. सगळे म्हणतात. दर्शना पण परवा म्हणाली, ‘तुमचं लक्ष असतं कुठं?’ सहज म्हणाली, भाजी जळाली म्हणून. पण म्हणाली ना बायको.”

खंडूने हातातला पाना पुसला. पुसलेलाच होता, पुन्हा पुसला.

“असेल,” लवू म्हणाला. “नसेन बघितला.”

फेब्रुवारीच्या सुरुवातीला चौकशीचा अहवाल आला. निष्काळजीपणा, कामावरून कायमचा कमी, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी. असा शेरा घेऊन फिरणाऱ्या ड्रायव्हरला कोण गाडी देणार? आंब्याच्या बागायतदारांपैकी एकाने लवूला टेम्पोवर घेतो म्हणून सांगितलं होतं, अहवाल कानावर गेल्यावर त्याचाही फोन येईना. अहवालाबरोबर खात्याने लवूला एक प्लास्टिकची पिशवी दिली. ‘गाडीत अनधिकृतपणे बसविलेले सामान.’ म्हणजे बघा शहाणपणा. ज्या मीटरवरून माणूस दोषी ठरवला, तो मीटर कोणी तपासला नाही. भाजीच्या पिशवीत घालून परत केला.

लवूने पिशवी शेडवर आणून टाकली. “तुझं सामान. मला ते डोळ्यांपुढं नको.”

दोन मीटर, वायरींचं भेंडोळं, ऑईलची टी, आणि पितळी बुश, त्यात पाण्याचा सेन्सर अजून तसाच आवळलेला. बुश आणि सेन्सरच्या मधे सफेद्याची कड, खंडूच्या बोटाने पुसलेली, जशीच्या तशी.

खंडू त्या पांढऱ्या कडेकडे बघत राहिला. आणि त्याच्या हाताला जे सप्टेंबरात कळायला हवं होतं, ते आता कळलं.

ती पिशवी घेऊन तो भरदुपारी घरी आला. बायको गुणवंती मासळीच्या लिलावावरून नुकतीच परतली होती, पाट्या धूत होती. खंडूने भाताचा टोप घेतला, पाणी भरलं, गॅसवर ठेवलं, शेजारी मोटारसायकलची बॅटरी मांडली.

“अवो, तो भाताचा टोप हाय! काय शिजवताय त्यात?”

“माझी अक्कल.”

“मग लहान टोप घ्या.”

पाणी खदखदायला लागलं. खंडूने सेन्सर वायरीला बांधून पाण्यात सोडला, मीटर जोडला, आणि बॅटरीची परतीची वायर पितळी बुशाला टेकवली. काटा हलला. चढला. सत्तरवर थांबला. टोपात पाणी उकळतंय, झाकण नाचेल अशी वाफ, आणि काटा सत्तर.

मग त्याने तीच वायर बोटभर सरकवून बुशावरून सेन्सरच्या अंगावर टेकवली. काटा सरळ शंभरावर गेला.

पुन्हा बुशावर. सत्तर. पुन्हा सेन्सरवर. शंभर.

“काय झालं?” गुणवंतीने विचारलं, कारण नवऱ्याचा चेहरा उतरला होता.

“बोटीवर दोन वायरी असतात गो,” तो म्हणाला. “बोट लाकडाची, फायबरची. करंट जायला एक वायर, यायला एक. गाडीत यायची वायर नसते. गाडीचं लोखंडच वायर. आट्याला आटा टेकला पायजे, लोखंडाला लोखंड. तर करंट परत येतो. मी मधे सूत आणि सफेदा भरून ठेवला. बोटीसारखा. करंटची वाट बुजवली. कुठंतरी एखादा आटा टेकत होता तेवढ्यावर काटा चालला, अर्धवट, सत्तरच्या वर जाईना. पाणी खरं असेल त्यापेक्षा थंड दाखवलंन. आणि ऑईलची टी पण तशीच. प्रेशर जास्त दाखवलंन. लाल बत्ती पण त्याच टीवर. ती पण मारली मी.”

“म्हणजे सगळं बरं हाय, असंच दाखवत होते?”

“दोन्ही. दोन्ही खोटं, आणि दोन्ही गोड खोटं.”

कोरड्या सेन्सरची सबब आता कामाची नव्हती. पाणी काही चुटकीसरशी संपत नाही. संपायच्या आधी ते उकळतं. वास आला तेव्हा काटा लालमध्ये असायला हवा होता. लवूने काटा बघितला होता, आणि तो लालमध्ये असता तर गाडी तिथेच थांबली असती.

गुणवंतीने गॅस बंद केला. “चूक झाली ती झाली. हात चुकतो माणसाचा. पण सही? सही काय हाताला सवय म्हणून झाली?”

खंडूने सेन्सर टोपातून बाहेर काढला.

“लवूभावजींना सांगितलंत?”

“सांगतो.”

सांगतो म्हणाला आणि नऊ दिवस सांगितलं नाही. हे लिहायलाच हवं. नऊ दिवस लवू येऊन डब्यावर बसला, नऊ दिवस खंडूने त्याला चहा पाजला. रोज सकाळी ठरवायचा, आज. मग एखादा तांडेल यायचा, “खंडूशेट, जरा इंजिन बघा,” आणि त्या ‘शेट’मध्ये ‘आज’ बुडून जायचं. उद्या बंदरावर कळलं की खंडूच्या मीटरने गाडी जाळली, तर बोटीवर दोन वायरी असतात हे कोण ऐकून घेणार? गुणवंतीने मात्र तो टोप पुन्हा भाताला घेतला नाही. ओट्यावर पालथा घालून ठेवला, रोज दिसेल असा. आणि घरातली चहापत्ती, साखर शेडवर पाठवणं बंद केलं. म्हणाली, “त्यांना पाजायचा तर खरं सांगून पाजा.”

दहाव्या दिवशी लवू म्हणाला, “मी हरकत नाय घेत. काय लिहू? मलाच खात्री नाय.”

खंडू उठला. शेडच्या स्टोव्हवर पाणी ठेवलं. पिशवी आणली, बॅटरी आणली, सेन्सर पाण्यात सोडला. वायर बुशावर टेकवली. “बघ.”

“सत्तर,” लवू म्हणाला.

वायर बोटभर सरकवली. “आता?”

लवू बघत राहिला. मग त्याने स्वतः वायर हातात घेतली, त्या अधू मनगटाने, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे केली. चारदा, पाचदा.

“म्हणजे सत्तरच होता.”

“होय.”

“म्हणजे मी बघितला होता!” लवू हसला. खरोखर हसला, लॉटरी लागल्यासारखा. “बघितला होता रे! दर्शनाला सांगतो आज. अरे, मला वाटायला लागलं होतं, माझं डोकंच…”

ते हसू खंडूला सोसवेना. “लवू, सफेदा मी भरला. आणि जबाबात सही केली. तू लक्ष दिलं नसशील, असं लिहिलं होतं त्यात. वाचून केली.”

हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर काही वेळ राहिलं, मालक निघून गेल्यावर दिवा जळत राहतो तसं. मग विझलं.

“कधी कळलं तुला? हे पाण्याचं?”

“नऊ दिवस झाले.”

“नऊ दिवस मी इथं येऊन बसतोय.”

“होय.”

“चा पाजतोयस.”

लवू डब्यावरून उठला. समोरचा अर्धा कप त्याने उचलून खंडूच्या टेबलावर ठेवला, सांडू न देता.

“मला दाखवून काय करतोस? माझं मला माहीतच होतं, तुम्ही सगळ्यांनी विसरायला लावलंत. जिथं सही केलीस तिथं दाखव.”

आणि गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा रिकामा होता. खंडूने तो सरळ केला नाही. अर्ज लिहायला बसला, आणि त्या एका ओळीवर दोन दिवस अडून, तिसऱ्या दिवशी पुरा केला. मग तो अर्ज लवूला दाखवायला त्याच्या घरी गेला. लवू बाहेर आला नाही. दर्शना आली, दारातूनच तीन झेरॉक्स हातात दिल्या आणि म्हणाली, “हे पण न्या म्हणाले.” ‘आत या’ म्हणाली नाही.

हरकतीचा शेवटचा दिवस होता. खंडू साहेबांच्या खोलीत शिरला तो एका हातात बॅटरी, एका हातात उकळत्या पाण्याचा थर्मास, खांद्याला पिशवी. बॅटरी त्याने टेबलावर फायलींवरच ठेवली.

“हे काय आणलंय?” साहेब ओरडले.

“चौकशी,” खंडू म्हणाला.

आणि साहेब शिपायाला हाक मारेपर्यंत त्याने थर्मासचं झाकण उघडून सेन्सर आत सोडला, वायर टेकवली, सरकवली. पुन्हा टेकवली, पुन्हा सरकवली. दारात चार माणसं गोळा झाली. त्यांत बंदरावरचा एक होता. खंडूने त्याला बघितलं आणि आवाज कमी केला नाही. सफेदा काय, सूत काय, बोट काय, गाडी काय, सगळं त्या दारातल्या माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग अर्ज पुढे केला.

साहेबांनी वाचला. पहिल्या ओळींना कपाळाला आठी पडली, पुढे वाचता वाचता ती सैल झाली.

“म्हणजे चूक तुमची.”

“माझीच.”

“आणि आधीचा जबाब खोटा.”

“खोटा. वाचून सही केली. त्याचं काय ते करा.”

“मग प्रश्नच मिटला.” साहेब टाइप करणाऱ्याकडे वळले. “घे. अनधिकृत कारागिराच्या चुकीमुळे. आणि अनधिकृत कारागिराकडे शासकीय वाहन नेलं कोणी? चालकाने. म्हणजे निष्कर्ष तोच राहतो.”

मालिनी मॅडम कोपऱ्यातल्या टेबलावरून उभ्या राहिल्या. “साहेब, वासाचं मी माझ्या जबाबात सांगितलं होतं. लवूने लगेच मीटर बघितला, हेही सांगितलं होतं. आणि तुम्ही ‘चल’ म्हणालात, तेही. ते टाइपच झालं नाही.”

“तुम्ही बसा.”

त्या बसल्या नाहीत.

खंडूने पिशवीतून तीन झेरॉक्स काढल्या आणि एकेक करून टेबलावर मांडल्या. तिन्हींवरची तारीख एकदा बघून घेतली. जीपचा काटा सत्तरवर थांबला तेव्हा एवढं नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं.

“साहेब, माझं मी लिहून दिलं. उद्यापासून माझ्याकडं कोण इंजिन आणील, कोण नाय, ते माझं मी भोगीन. लवू माझं तोंड बघत नाय, ते पण भोगीन. आता तुमचं. हा अर्ज जूनचा, हा जुलैचा, हा ऑगस्टचा. ‘गाडीचा टेंपरेचर मीटर बंद आहे, घाटात धोका आहे, दुरुस्त करून मिळावा.’ तिन्हींवर तुमच्या ऑफिसचा शिक्का. तिसऱ्यावर तुमची सही. एक तर मीटर नाहीतर माणूस, असं तुम्ही मला विचारलंत, तेव्हा हे तीन कागद तुमच्या त्या कपाटात होते. मी भ्यालो आणि माणसाचं नाव दिलं. आता मी विचारतो. हे तीन अर्ज वाचून तुम्ही काय केलंत? मला तोंडी नको, लिहून द्या. खाली सही करा, माझ्यासारखी. काय केलंत, साहेब? लिहा.”